रिपोर्ट चांगला आला

आमच्या घरात कुठलीही तपासणी खरी होत नाही. साखर तपासायची असली की माझा मोठा भाऊ चार दिवस आधीपासून बिनसाखरेचा चहा पितो, भात सोडतो, सकाळी फिरायला जातो. रिपोर्ट नॉर्मल आला की त्याच संध्याकाळी जिलबी घरात. याला तो तब्येत सांभाळणं म्हणतो. मी याला स्वतःच्याच डोळ्यांत धूळ फेकणं म्हणते, आणि त्यावरून आमचं दरवर्षी वाजतं. पण या वेळची तपासणी त्याच्या साखरेची नव्हती. आई ज्या खोलीत झोपते, त्या खोलीची होती.

अकोल्याचं घर बाबांनी बांधलं तेव्हा खाली तळघरात एक खोली काढली. अकोल्याचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला ती कशासाठी, हे सांगावं लागत नाही. निवृत्तीनंतर बाबा तिथेच असायचे. झोप, पेपर, दुपारचा चहा, सगळं खाली. पुढे एसी आला आणि झरोकेही पुठ्ठे लावून बंद झाले. काळ्या मातीतलं घर, त्यामुळे दर उन्हाळ्यात फरशीला भेगा पडायच्या आणि दर दिवाळीला दादा त्या सिमेंटने बुजवायचा.

दोन वर्षांपूर्वी बाबा फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. जन्मात बिडीला हात लावला नाही त्यांनी. सुपारीसुद्धा नाही. तरी तेरवीला आलेला जो तो तेच विचारत होता, "तंबाखू खात असतीन ना?" नाही म्हटलं की माणसं मान हलवायची, जणू आम्हीच काही लपवतोय. एकेकाला हाताला धरून दाराबाहेर काढावंसं वाटत होतं मला.

मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवते. इतकी वर्षं शिकवूनही रेडॉन मला मूलद्रव्यांच्या तक्त्यातल्या एका चौकोनापुरताच माहीत होता. बाबांच्या डॉक्टरांनी एकदा सहज विचारलं, घराला तळघर आहे का. तेव्हापासून मी वाचायला लागले. हा वायू जमिनीतून निघतो, भेगांमधून घरात शिरतो, बंद खोलीत साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. वर्षानुवर्षं श्वासातून जास्त गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. ओळखीचे एक प्राध्यापक म्हणाले, आपल्याकडच्या काळ्या दगडात त्याचं प्रमाण सहसा कमीच असतं, पण बंद तळघराबद्दल मोजल्याशिवाय बोलू नये. मोजायची डबीही त्यांनीच मिळवून दिली. छोटीशी प्लॅस्टिकची डबी, आत फिल्मचा तुकडा. तीन महिने खोलीत टांगायची आणि मग प्रयोगशाळेत पाठवायची.

बाबा तर गेले होते. आई अजून तिथेच झोपत होती. मला घाई होती ती तिच्यासाठी.

होळीनंतर डबी लावायला गेले तेव्हा दादा हसला. "गॅस तं मलेही होते. ओवा खाल्ला की मोकळा!"

मला हसू आलं नाही. दोघांना समोर बसवून शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. काही बदलायचं नाही. रोज जसे राहता तसेच राहा. एसी लावत असाल तर लावा, दार बंद ठेवत असाल तर बंद ठेवा. दादाने मान डोलावली. आईनेही.

पावसाळ्याच्या तोंडावर डबी गेली आणि काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. प्रमाण अगदी कमी, मोकळ्या हवेत असतं जवळपास तेवढंच. फोनवर दादाला कळवलं आणि रविवारी अकोल्याला गेले, तर घरात पेढे.

"पाह्य, मी म्हणलं होतं ना? काई नाई आपल्या घरात," दादा म्हणाला. "आन् मेहनतही घेतली बरं आमी. झरोक्याचे पुठ्ठे काढले, एक्झॉस्ट फॅन बसवला, चोवीस तास चालू. नाई तं रिपोर्ट खराब आला असता."

माझा हात पेढ्यावरच थांबला. "आणि आई?"

"आई वरतीच झोपे ना, कूलरजवळ. पुठ्ठे काढल्यावर खाली काय गरम होऊन राहिलं होतं!"

"मग आता?"

"आता काय? रिपोर्ट आला ना. लावले पुठ्ठे परत. आई झोपली काल खाली."

मग माझं डोकं फिरलं. वर्गात जी वऱ्हाडी मी कटाक्षाने टाळते तीच तोंडातून निघाली. "थे डबी काय इन्स्पेक्टर होती? तिच्यासाठी घर झाडून ठेवलं तुमी? थ्या खोलीत श्वास कोण घेते, डबी का आई?" आणखीही बरंच बोलले. दादाच्या साखरेपासून सगळं काढलं. तो मोठा आहे हे विसरले. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि त्याचाही मला राग आला.

"त्याले नको बोलू," आई म्हणाली. "मीनंच सांगतलं त्याले."

"काहून पण?"

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "थे खोली तुह्या बाबांले पसंतच नव्हती. हवा लागत नाई म्हणत. मीनंच हट्ट केला. वरती तापते, खाली पडा, म्हणून रोज मीच मांगे लागो. आता थे डबी म्हणीन का मीनंच त्याईले..."

मी समजवायला गेले. तीन महिन्यांची डबी मागच्या वर्षांचं काही सांगत नाही, बाबांना कशाने झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. ती ऐकत नव्हती. तिच्या लेखी तो रिपोर्ट खोलीचा नव्हता, तिचा होता. काल किती तरी दिवसांनी ती निवांत झोपली होती.

मी खाली गेले आणि पुठ्ठे ओरबाडून काढले. दादाने न सांगता आईची खाट वर आणली.

"वरती झोपीन मी," आई म्हणाली. "पण पुन्हा डबी लावू नको, बाई."

तिच्यावर ओरडावं की तिला जवळ घ्यावं, मला कळेना. हातात पुठ्ठ्याचे तुकडे तसेच होते. मुलांना रोज 'मोजल्याशिवाय बोलू नका' म्हणून सांगणारी मी, तिला बरं म्हणाले.