माझे मार्क, मेव्हण्यांची झोप

माझ्या झोपेचा निकाल रोज सकाळी साताऱ्याला लागतो. झोपतो मी माधवनगरला, पण निकाल साताऱ्याला, कारण तिथं माझी मुलगी अश्विनी राहते आणि माझ्या झोपेचं अॅप तिच्याही मोबाईलवर आहे.

हे सगळं झालं एका रेल्वे फाटकामुळे. फाटक बंद होतं म्हणून मी जीप बंद करून थांबलो. रेल्वे आली, गेली, फाटक उघडलं, आणि मी स्टिअरिंगवर मान टाकून घोरत होतो. मागं हॉर्नचा नुसता गोंधळ. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं खाली उतरून काच वाजवली.

"आवं काका, फाटक उघाडलंय. का पुढच्या गाडीची वाट बघताय?"

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली आणि घरातून साताऱ्याला गेली. अश्विनी आली, मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. अंगाला वायरी लावून रात्रभर तपासणी झाली. निदान असं की, झोपेत माझा श्वास मधेमधे थांबतो, त्यामुळे झोप पुरी होत नाही आणि मग ती दिवसा, जागा मिळेल तिथं होते. त्यावर इलाज म्हणजे एक मशीन. त्याला लांब नळी, नळीला मास्क, मास्क नाकाला. रात्रभर त्यातून हवा येते. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण मशीनबरोबर अॅप आलं, आणि अॅप आल्यावर अश्विनीनं जीपची चावी काढून घेतली.

"आठवडाभर अॅपवर रोज हिरवा गोल दिसला पाहिजे, बाबा. मग चावी."

"आणि रथ?"

"रथाच्या आधी हिरवा दिसला तर तुम्हीच न्या जीप."

म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला आमचं सगळं गणगोत माझ्या जीपमधून जातं आणि जीप मी चालवतो. माझ्या कापडाच्या दुकानात मला कोणी विचारत नाही, घरात तर त्याहून नाही. वर्षातून तो एकच दिवस असा, की मी हॉर्न वाजवला की माणसं पळत येऊन बसतात. तो मान मला सोडायचा नव्हता.

मग मी मन लावून झोपायला लागलो. पण नुसतं झोपून भागत नाही, ते अॅपला कळावं लागतं. पहिल्याच सकाळी फोन आला.

"बाबा, मशीन लावलं नव्हतं का?"

"लावलं होतं की."

"इथं शून्य दिसतंय."

"मग अॅपला झोप लागली असंल."

तिनं ब्लूटूथ चालू करायला सांगितलं. माझा मोबाईल मशीन सोडून शेजाऱ्यांच्या स्पीकरला जाऊन चिकटला आणि त्यांची भूपाळी मधेच बंद पडली. (ते आलेच विचारायला.) मग अॅपनं पासवर्ड मागितला. तो विसरलो. नवा टाकला, तर म्हणे यात मोठं अक्षर नाही. मोठं अक्षर घातलं, तर आकडा नाही. आकडा घातल्यावर, हा पासवर्ड तुम्ही पूर्वी वापरला आहे. म्हणजे विसरलेला तोच होता, पण आता तो चालणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी 'मास्क लीक' असा लाल संदेश आला. आमच्या हिनं, म्हणजे सुमननं, उशी चाचपून पाहिली. "कोरडी हाय की."

त्यानंतर अॅपला अपडेट हवं झालं. ते झाल्यावर त्यात एक हसरा चेहरा आला. तो सकाळी सकाळी मला इंग्रजीतून, आज आणखी चांगला प्रयत्न करू या, असं सांगायचा. स्कोअर चांगला यावा या काळजीनं मला रात्रभर झोप यायची नाही, आणि ती आली नाही म्हणून स्कोअर घसरायचा. रथ दहा दिवसांवर आला तरी गोल काही पिवळ्याच्या पुढे सरकेना.

अशात औंधहून मेव्हणे आले. सुमनचे थोरले बंधू, संपतराव, लष्करातले निवृत्त हवालदार. एक रात्र राहून जाणार होते. आमच्या घरात त्यांच्यासाठी पंख्याखालची जागा, जाड गादी आणि मटणाच्या रश्श्यातली नळी कायम राखीव असते, आणि याबद्दल मी आजवर तोंड उघडलेलं नाही. त्या रात्री मी झोपायला आलो, तर उशाला मशीन नाही.

"मशीन कुठं गेलं?"

"दादाला लावलंय," सुमन म्हणाली. "लय घोरतोय बिचारा. तुमाला रोजचंच हाय, पाव्हणा कवातरी येतो. मास्क धुऊन दिलाय."

माहेरच्या माणसाला तिनं माझा श्वाससुद्धा वाढून दिला होता. मी बाहेरच्या सोप्यात जाऊन पडलो.

सकाळी हवालदार ताजेतवाने होऊन बाहेर आले. "दाजी, पलटण सोडल्यापास्नं अशी झोप लागली न्हवती."

तेवढ्यात मोबाईल वाजला. अॅप कधी नव्हे ते आपण होऊन मशीनला जोडलं गेलं होतं. गोल हिरवागार, मार्क शंभरापैकी शंभर, वर एक सोनेरी बिल्ला. मागोमाग अश्विनीचा फोन.

"बाबा, शाब्बास! कसं जमवलंत?"

"मनावर घेतलं," मी म्हणालो.

पिशवी भरून दाराशी निघालेल्या हवालदारांना मी अडवलं. "मेव्हणं, असं कसं जाताय? र्‍हावा की रथापतोर."

"आवं, पण कपडे न्हाईत."

"दुकान कुणाचं हाय?"

त्यांना नवे शर्ट आले. जेवायला आग्रह मी करू लागलो, कारण पोट भरलं की ते लवकर आडवे व्हायचे. मास्क मी स्वतः धुवायचो, गादी मीच झटकायचो, नळी मीच बसवायचो. आपल्या भावावर नवऱ्याची एवढी माया पाहून सुमनचे डोळे भरून आले. तिनं पुरणपोळ्या केल्या. मी सोप्यात मच्छरांसोबत झोपत होतो, पण साताऱ्यात माझं नाव गाजत होतं.

रथाच्या आदल्या संध्याकाळी अश्विनी चावी घेऊन आली. चहा झाला. मी हात पुढे केला. तिनं मोबाईल पुढे केला.

"बाबा, काल जेवणानंतर आपण फोनवर बराच वेळ बोललो ना? म्हसवडला कोण कोण येणार ते?"

"व्हय की."

"त्या वेळी तुम्ही गाढ झोपला होता. अॅपवर आहे."

मी म्हणालो, "मी झोपेत बोलतो कवाकवा."

"काहीतरीच काय," सुमन माझी बाजू घ्यायला धावली. "तवा मशीन दादाच्या नाकावर हुतं. रोज हेच तर लावून देत्यात. लय जीव हाय दादावर त्यांचा."

अश्विनीनं माझ्याकडे पाहिलं. मग मामाकडे वळली.

"मामा, जीप चालवाल?"

"पोरी, पलटणीचा ट्रक घाटातनं पळवलाय म्या."

"मग घ्या चावी. या घरात नीट झोपलेले तुम्हीच आहात. पण परत आल्यावर तुमचीही तपासणी करायची."

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी माझ्या जीपचा हॉर्न वाजवला आणि माणसं पळत येऊन बसली. मीही पळालो. मागच्या सीटवर दोन मावश्यांच्या मधे जागा मिळाली. मनाशी ठरवलं, डोळ्यांत तेल घालून जागं राहायचं आणि हवालदार गिअर टाकताना चुकले की बोलायचं.

डोळे उघडले तेव्हा जीप म्हसवडला उभी होती. दार उघडून सगळे आत चढत होते आणि सगळे गुलालानं माखलेले होते.

"रथ कवा निघायचा?" मी विचारलं.

"निघून, फिरून, दर्शन होऊन सगळं झालं," सुमन म्हणाली. "हलवून हलवून थकलो. ढोलबी वाजले कानाशी. लोक वाकून बघत हुते, आत कोण घोरतंय म्हणून."

हवालदारांनी चिमूटभर गुलाल माझ्या कपाळाला लावला आणि चावी फिरवली.

निम्म्या म्हसवडनं मला भर दुपारी, ढोलांच्या गजरात झोपलेलं पाहिलं. रात्री उशिरा परतल्यावर मशीन कोणीच लावलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी अॅपवर संदेश होता : 'काल आपण झोपलाच नाहीत. सगळं ठीक आहे ना?'