वेव्हरमधला कारणाचा रकाना

"मेमरी परत पुढे ढकलली," श्रीनिवास माझ्या डेस्कपाशी येऊन म्हणाला. "आणखी सात महिने."

ही तिसरी तारीख होती. श्रीनिवास माझा बॉस. आमच्या बेंगळुरूच्या ऑफिसात आम्ही नेटवर्क प्रोसेसर बनवतो, म्हणजे इंटरनेटच्या मोठ्या राउटरमधली मुख्य चिप. तुमचा व्हिडिओ कॉल, तुमची डाउनलोड होणारी फाइल, सगळं छोट्या छोट्या पॅकेट्समध्ये तुटून या चिपमधून जातं. कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं हे ती ठरवते. पुढचा रस्ता मोकळा नसेल तर पॅकेट मेमरीत थांबवून ठेवते. ही मेमरी कोणती घ्यायची, ते सांगणं माझं काम.

दोन वर्षांपूर्वी मी थरांची मेमरी निवडली होती. मेमरीचे थर एकावर एक रचून चिपच्या अगदी शेजारी बसवतात. वेग जबरदस्त. पण तीच मेमरी ग्राफिक्स चिपवाल्यांनाही हवी असते, आणि त्यांच्या ऑर्डरी आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या. सप्लायरकडे आम्ही म्हणजे पंगतीतले शेवटचे. वाढपी आमच्यापर्यंत पोचायच्या आत जिलबी संपायची.

"क्लायंट काय म्हणतोय?" मी विचारलं.

"पाच महिन्यांत डिझाइन फॅक्टरीत गेलं नाही तर दुसऱ्याची चिप घेणार. मग आपला प्रोजेक्ट बंद. टीमपण."

टीममध्ये आम्ही चौदा जण. त्यातले नऊ मी स्वतः इंटरव्ह्यू घेऊन आणलेले. मला भीती वाटली, आणि स्वतःचा रागही आला.

दुसरा मार्ग साध्या मेमरीचा होता. ती बाजारात सहज मिळते, चिपच्या बाहेर बोर्डावर बसते, आणि ती चालवायचं सर्किट आमच्या मागच्या चिपमध्ये वापरून झालं होतं. वेग मात्र निम्माही नाही. मी दोन दिवस माझंच जुनं गणित उकरत बसले. त्यात मी धरलं होतं की प्रत्येक पॅकेट मेमरीत जाईल आणि मग बाहेर पडेल. असं धरलं की आकडेमोड सोपी होते. प्रत्यक्षात बहुतेक पॅकेट्स आली तशी पुढे निघून जातात.

मी श्रीनिवासला गाठलं. आमचं बोलणं निम्मं कन्नडमध्ये, निम्मं इंग्रजीत चालतं. माझे वडील सोलापूरहून इथल्या सरकारी कारखान्यात आले, मी बनशंकरीत वाढले, त्यामुळे भांडायला मला दोन्ही भाषा पुरतात.

"तुझ्या वडिलांचा यशवंतपूरला कांद्याचा होलसेल धंदा ना? सकाळी आलेला माल दुपारपर्यंत जाणार असेल तर तो गोदामात टाकतात का?"

"छे. दुकानासमोरच ठेवतात."

"मग आपणही तेच करू. चिपच्या आतच स्वल्प जागा काढू. लगेच जाणारी पॅकेट्स तिथे थांबतील. अडकलेली तेवढीच बाहेरच्या मेमरीत."

"सरी, ठीक आहे. पण बंदच्या दिवशी? गिऱ्हाईक नाही, आणि ट्रक येतच आहेत. गोदामाचं दार अरुंद. माल रस्त्यावर पडेल त्याचं काय?"

व्यापाऱ्याचा मुलगा तो, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. सगळे रस्ते एकदम तुंबले तर काही पॅकेट्स टाकून द्यावी लागणार होती. टाकलेली पॅकेट्स बहुतेकदा पुन्हा पाठवली जातात, पण क्लायंटची अट होती की एकही टाकायचं नाही. ती बदलायला वेव्हर लागतो. वेव्हर म्हणजे ठरलेल्या गोष्टीतून सूट मागायचा फॉर्म. मूळ निर्णयावर ज्याची सही, त्यानेच तो भरायचा, असा आमच्याकडे रिवाज आहे.

श्रीनिवासने कारणाच्या रकान्यात 'सप्लायरकडून उशीर' असं आधीच टाइप करून आणलं.

"सगळे हेच लिहितात," तो म्हणाला. "आणि खोटंही नाही."

"खोटं नाही, पण क्लायंट म्हणेल, मग ती मेमरी आली की परत बदला. पुन्हा हाच घोळ."

"मग तू काय लिहिणार?"

मी ते खोडून लिहिलं: 'मूळ गृहीतक चुकलं. एवढ्या वेगाची गरज नव्हती.' खाली माझं नाव.

"हा फॉर्म वरपर्यंत जातो, माहीत आहे ना?"

"जाऊ दे. चूक माझीच आहे."

सर्जापूर रोडला क्लायंटच्या ऑफिसात त्यांचा मुख्य इंजिनिअर कार्तिक बसला होता. त्याने फॉर्म दोनदा वाचला.

"थरांच्या मेमरीशिवाय चालणारच नाही, असं दोन वर्षांपूर्वी याच खोलीत तुम्ही सांगितलं होतंत."

"हो. चुकले."

"मग आज बरोबर आहात कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "तुमच्या राउटरमधल्या खऱ्या ट्रॅफिकच्या नोंदी द्या. कॉम्प्युटरवर आमचं डिझाइन त्यातून चालवून दाखवते. तुंबलं तर काय टाकायचं ते तुम्ही ठरवा. कॉल वाचवायचा की डाउनलोड?"

तुंबणं म्हणजे काय, हे बेंगळुरूच्या माणसाला समजावावं लागत नाही. कार्तिकने शोधून शोधून सगळ्यात वाईट दिवसांच्या नोंदी पाठवल्या. पहिल्या खेपेला आमचं डिझाइन आपटलं. दुसऱ्या खेपेलाही. आम्ही चिपच्या आतली जागा वाढवली, आणि तिसऱ्या खेपेला ते तरलं. कॉल वाचवायचे असं ठरवून कार्तिकने वेव्हरवर सही केली.

डिझाइन मुदतीच्या नऊ दिवस आधी फॅक्टरीत गेलं. चिप बनून आल्यावर कार्तिकने तिचे सगळे रस्ते मुद्दाम एकदम तुंबवले. तिने डाउनलोडची पॅकेट्स टाकली. कॉल एकही तुटला नाही. मला इतका आनंद झाला की लॅबमध्येच श्रीनिवासच्या पाठीत धपाटा घातला. टीम शाबूत राहिली आणि पुढची चिपही आमच्याकडेच आली.

तिच्या पहिल्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "सेफ साइडला सगळ्यात वेगवान मेमरीच घेऊ या." मी त्याला गणित मांडायला लावलं. लोकांना वाटतं, मी कंजूष आहे. तसं नाही. दोन वर्षं मी सेफ साइडला उभी होते आणि तिथे मी एकटीच होते. बाकी तेरा जणांच्या नोकऱ्या धोक्याच्या बाजूला होत्या.