लेकीची ओळ

गव्हाणीत सरकी ओतली, की तिच्या तेलकट वासासरशी मी अकोल्याला कापूस खरेदी करणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या आवारात जाऊन पोचते. कापसाला सोन्याचा भाव आलेली ती वर्षं. मी आणि माझी थोरली जाऊ तिथे हातरेच्यावर, हाताने फिरवायच्या लाटांच्या चरकावर, कापसातली सरकी काढायचो. संध्याकाळी साहेबाची मडमबाई, तिचा भाऊ आणि लेक ओट्यावर बसून त्यांच्या मुलखातली खेड्यापाड्यांची गाणी म्हणत. तिघांचे सूर वेगळे, गाणं एकच. शब्द कळत नव्हते, पण चाली आम्हाला पाठ झाल्या.

मडमबाईची लेक पटकीत गेली. पुढे बऱ्याच दिवसांनी दोघं बहीणभाऊ पुन्हा गायला बसले. लेकीची ओळ आली आणि दोघंही थांबले.

आमच्याकडे जात्यावर एकीची ओवी अडली, की दुसरी ती उचलते. जाऊबाईने रेचा थांबवून ती ओळ हुबेहूब म्हटली, शब्दांविना.

मडमबाई उठून आत गेली. दार लागलं. त्यानंतर तिचं गाणं आम्ही ऐकलं नाही.

“काहून गेली वं थे उठून?” वाटेत जाऊबाईने विचारलं. “अडली, म्हनून मी उचललं.”



यंदा माझीही लेक गेली. काल शेजारीण जात्यावर माझी लेक म्हणायची तीच ओवी म्हणू लागली. मी उठून दार लावलं, आणि ओवी संपेपर्यंत दाराला कान लावून उभी राहिले.