हवालदारसाहेब बरे की भाऊजी

मी कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या फॉरवर्ड लाइनला शिकवायला माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आला. ज्यांच्या घरी नवा जावई आलेला आहे त्यांना यातली पंचाईत समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो.

आमच्या टीमचे मुख्य होते खेळाचे सर. तरुणपणी ते गोलकीपर होते, त्यामुळे सगळं जग त्यांनी गोलपोस्टमधूनच पाहिलेलं. आपल्यावर गोल होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. समोरच्यावर गोल करण्याचं काम त्यांना जरा उथळ वाटायचं. म्हणून फॉरवर्डवाल्यांसाठी त्यांनी छावणीतले एक हवालदार पकडून आणले होते. मजबूत छाती, मेंदी लावलेल्या मिशा, आणि आवाज असा की जबलपूरच्या या टोकाला ओरडले तर त्या टोकाच्या म्हशी उठून उभ्या राहतील. त्यांची सगळी विद्या एका शब्दात होती, "आगे!" बॉल आला की आगे. पडलात तरी आगे. आम्ही चार गोल मारायचो आणि तीन खायचो. खेळाचे सर डोकं धरून बसायचे, पण बघणारे खूश. मॅच जिंकली की नेपियर टाउनातला चहावाला आम्हाला मुगाच्या डाळीचे गरम मंगोडे खिलवायचा आणि म्हणायचा, "हवालदार साहब ने शेर बना दिया तुम लोगों को।" मीही स्वतःला त्या शेरांत धरत असे.

पासष्टची लढाई सुरू झाली आणि हवालदारसाहेब दोन दिवसांत पलटणीसोबत निघून गेले. महिन्याभरात आमचा राइट-आउट, म्हणजे उजव्या कडेने वाऱ्यासारखा पळणारा पोरगा, फौजेत भरती झाला. शहराचा रंगच बदलला. दारूगोळ्याच्या फॅक्टरीचा भोंगा वेळी-अवेळी वाजायला लागला, बाबा बारा-बारा तास ड्यूटी करून यायचे, आईने खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला. ब्लॅकआउटमुळे दिवेलागणीच्या आत प्रॅक्टिस संपवून घरी पोचावं लागे.

भाऊजी त्याच फॅक्टरीत तपासनीस होते. नागपूरचे. ताईचं लग्न होऊन आठ महिने झालेले. पितळी तुकडे मापाच्या साच्यात घालून बघायचे. एका बाजूने गेला पाहिजे, दुसऱ्या बाजूने अडकला पाहिजे, तरच पास. दिवसभर हेच. नागपूरला ते कॉलेजकडून सेंटर-हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळले होते, ही गोष्ट लग्नाच्या याद्यांमध्ये कोणी लिहिली नव्हती, त्यामुळे आम्हाला ठाऊक नव्हती. एक दिवस ड्यूटीवरून परतताना सायकल टेकवून ते आमची प्रॅक्टिस बघत उभे राहिले आणि खेळाच्या सरांशी बोलू लागले. त्या रविवारी आमच्याकडे जेवायला आले तेव्हा सहज म्हणाले, "उद्यापासून मी तुमच्या ग्राउंडवर येऊन राहिलो."

आई तर हरखलीच. "बरं झालं बाई. घरचंच माणूस."

पहिल्या दिवशी आमच्या कॅप्टनने, तो सेंटर-फॉरवर्ड होता, मला विचारलं, "ये कौन है रे?"

मी मूर्खासारखं खरं सांगितलं. "मेरे जीजाजी।"

झालं. त्या क्षणापासून ते अख्ख्या टीमचे जीजाजी झाले. मग खेळाच्या सरांचे, ग्राउंडच्या माळ्याचे, चहावाल्याचेही. आणि मी झालो 'साले साहब'. मी पास चुकवला की पलीकडून आवाज यायचा, "साले साहब, दीदी को बता देंगे!"

भाऊजींचाही एकच शब्द होता, पण उलटा. "रुको." बॉल आला की थांबवा, मान वर करा, बघा, जवळच्याला द्या. पहिले दोन महिने त्यांनी आम्हाला प्रॅक्टिसमध्ये गोलवर बॉल मारूच दिला नाही. वाघांना दुर्वा चघळायला दिल्यासारखी आमची गत. पहिली मॅच शून्य-शून्य. दुसरी शून्य-शून्य. तिसरी एका गोलने हरलो. खेळाचे सर मात्र पहिल्यांदाच शांत झोपत असावेत.

घरी तर आणखी गंमत. रविवारी जेवताना भाऊजींना माझ्याशी खेळाचं बोलायचं असे. ताटातल्या वाट्या इकडून तिकडे सरकवत ते म्हणायचे, "हे बघ, ही आमटी म्हणजे तू. ही कोशिंबीर त्यांचा बॅक. तू सरळ काहून घुसून राहिला? बॉल लिंबाकडे दे आणि मोकळ्या जागी जा."

आई दारात उभी. "जावईबापू, आमटी आवडली नाही का? नुसती फिरवून राहिले."

"नाही नाही, फार छान आहे," म्हणून भाऊजी मला एका घोटात पिऊन टाकत.

मला उलट बोलायची सोय नव्हती. जावयासमोर आवाज चढवलेला आमच्या घरात कोणी ऐकला नव्हता. मी मान डोलवायचो आणि मनात हवालदारसाहेबांची आठवण काढायचो.

टीममध्ये तर दुसरा विषयच नव्हता. चहावाल्याने मंगोडे बंद केले होते, चहाचेही पैसे मागायला लागला होता. "हवालदार साहब के टाइम में..." इथून प्रत्येक वाक्य सुरू होई. हवालदारसाहेबांच्या टाइमला आम्ही किती गोल खाल्ले, ते कुणालाच आठवत नव्हतं. शेवटी कॅप्टन म्हणाला, की खेळाच्या सरांना अर्ज द्यायचा, जीजाजी नकोत. आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तेरी हिंदी अच्छी है। तू लिख।"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण 'हिंदी अच्छी है' हे ऐकून मी विरघळलो. शाळेपासून हिंदीत माझा नंबर कधी चुकला नव्हता. चहाच्या बाकावर बसून मी असा अर्ज लिहिला की त्याला बक्षीसच मिळावं. 'हमारी आक्रमण-पंक्ति निष्प्राण हो चुकी है' हे वाक्य तर मी दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्यांनी सह्या केल्या. शेवटी मीही केली, अगदी बारीक, जणू सही लहान असली की अपराधही लहान.

खेळाच्या सरांनी तो अर्ज वाचला आणि सरळ भाऊजींच्या हातात दिला.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर मी अंगणात सायकलमध्ये हवा भरत होतो. भाऊजी बाहेर आले, पायरीवर बसले आणि खिशातून तो कागद काढला. माझ्या हातातला पंप थांबला.

"अक्षर छान आहे तुझं," ते म्हणाले.

मी पंपाची नळी गुंडाळायला लागलो.

"'निष्प्राण' हा शब्द मला सुचला नसता."

"भाऊजी, ते आम्ही सगळ्यांनी मिळून..."

"हो, सह्या आहेत ना. तुझी शोधायला वेळ लागला." त्यांनी कागद गुडघ्यावर सरळ केला. रागावलेले दिसत नव्हते, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. "एक सांग. मागच्या वर्षी तुमचे गोल कोणी केले?"

मी आठवायला लागलो. आठवता आठवता गडबडलो. निम्म्याहून जास्त त्या राइट-आउटने मारलेले. उरलेल्यांतले बरेचसे त्यानेच कडेवरून आणून दिलेले, कॅप्टनने फक्त पाय लावलेला. माझा असा एक होता, आणि तोही माझ्या गुडघ्याला लागून आत गेलेला.

"तो पोरगा आता कुठाय?"

"फौजेत."

"मग हवालदारसाहेब असते तरी 'आगे' कोणाला म्हणाले असते?"

अर्जात एवढ्या शब्दांची आतषबाजी केली, पण ही साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. पळणारा गेला आणि आम्ही भांडून राहिलो होतो पळवणाऱ्यावरून.

"पण तुमचंही खरं आहे," भाऊजी कागदाची घडी घालत म्हणाले. "मी थांबायला शिकवलं. पुढे काय करायचं ते शिकवायचं राहून गेलं. ती चूक माझी." आणि उठून आत गेले.

त्या आठवड्यात मॅचची यादी लागली. माझं नाव नव्हतं. माझ्या जागी कॅप्टनला सरकवलं होतं, आणि मध्ये पनागरहून रोज सायकलने येणारा पहिल्या वर्षाचा एक सडपातळ पोरगा.

"जीजाजी ने बदला ले लिया!" टीममध्ये एकच बोंब. ज्यांनी मला अर्ज लिहायला बसवलं तेच आता माझ्या खांद्यावर हात ठेवून उसासे टाकत होते. मलाही तीन दिवस तसंच वाटलं. साच्यात घातला आणि नापास केला, म्हटलं.

घरी आईचं तोंड बघण्यासारखं झालं. "सख्ख्या मेहुण्याला काढलं?" जावयाला बोलायचं तर कसं? तिने तो राग स्वयंपाकातून काढला. पुढच्या रविवारी ताटात फक्त वरण, भात आणि लोणच्याची एक फोड. ताई ताटाकडे बघून म्हणाली, "आई, आज असं काहून?" आई म्हणाली, "तब्येतीला हलकं बरं असतं." भाऊजींनी दोनदा भात मागून घेतला आणि म्हणाले, "घरचं वरण ते घरचं वरण." आई आणखीच चिडली.

मॅचच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो. आत असताना मला फक्त समोरच्याची पाठ दिसायची. बाहेरून पहिल्यांदा सगळं मैदान दिसलं. पनागरचा पोरगा बॉल थांबवायचा, मान वर करायचा, आणि जिथे कोणी नाही तिथे हळूच सरकवायचा. तेवढ्यात आमचा कोणीतरी तिथे पोचलेला असायचा. आमटी, लिंबू, कोशिंबीर सगळं मला तिथे दिसायला लागलं. दोन गोल झाले. दुसऱ्या गोलला मी उडी मारून ओरडलो आणि मग आठवलं की मी रुसलेलो आहे.

थंडीत, लढाई थांबल्यावर, हवालदारसाहेब सुट्टीवर आले. डावा हात गळ्यात बांधलेला, मिशांची मेंदी उतरलेली. आमची एका दुसऱ्या कॉलेजशी मॅच होती, तिथे येऊन ते नेमके माझ्या बाकाजवळ उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहावाला दुकान सोडून आला. आता काय तो निकाल लागणार होता.

मॅच सुरू झाली आणि दहाव्या मिनिटाला त्यांना राहवलं नाही. "आगे!"

दुसऱ्या बाजूने भाऊजी, "रुको!"

कॅप्टनच्या पायात बॉल होता. त्याचं अर्धं अंग पुढे गेलं, अर्धं थांबलं, आणि तो बॉलवर पालथा पडला. दोन्ही बाजूंचे लोक हसून हसून लोळले. पनागरच्या पोराने मात्र कुतूहलाने वळून पाहिलं, की हा ओरडणारा माणूस कोण.

त्यानंतर हवालदारसाहेब बोलले नाहीत. सगळी मॅच डोळे बारीक करून पाहत राहिले. आम्ही एका गोलने जिंकलो. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तू बाहर क्यों बैठा है?"

भाऊजी जवळच उभे होते. त्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "जीजाजी ने निकाल दिया।"

"ठीक किया," हवालदारसाहेब म्हणाले. "मैं भी दशहरे के बाद निकालने वाला था। लड़ाई लग गई, तो तू बच गया।"

भाऊजींनी वळून पाहिलं आणि खो-खो हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. वर्षभर मी ज्यांचा शेर होतो, त्यांनीच मला असं उघड्यावर आणलं.

मग ते दोघे माझ्या दोन बाजूंना बाकावर बसले आणि माझ्या डोक्यावरून बोलायला लागले.

"पाँव धीमे हैं इसके," हवालदारसाहेब म्हणाले, "पर नज़र ठीक है।"

"हाफ में डालूँ?"

"डालकर देखो।"

मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलीला जसं कोणी विचारत नाही, तसं मलाही कोणी विचारलं नाही. पुढच्या मॅचला मी लेफ्ट-हाफ खेळलो आणि कॉलेज सुटेपर्यंत तिथेच राहिलो. बरा खेळलो. त्या वर्षी आम्ही सेमीफायनलला पोचून हरलो, पण चहावाल्याने त्या दिवशीही मंगोडे दिले.

खूप वर्षांनी, भाऊजी रिटायर झाल्यावर, मी त्यांना एकदा विचारलंच, "खरं सांगा, हवालदारसाहेब बरे की तुम्ही?"

"ते," भाऊजी लगेच म्हणाले. "त्यांच्या टाइमला पोरं हसत खेळत होती. मी दोन महिने सगळ्यांचं हसू बंद करून टाकलं."

"मला नाही पटत."

"तू हाफ. फॉरवर्डवाल्यांना विचार."

विचारायला आता फार जण उरलेले नाहीत. गेल्या थंडीत पनागरला गेलो. तो सडपातळ पोरगा आता आजोबा झाला आहे, अंगाने भरलेला, मटाराची शेती करतो. मी त्याला तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, हवालदारसाहेबांना त्याने एकदाच पाहिलं, त्यांच्याबद्दल तो काय सांगणार? मग थोडा वेळ शेंगा निवडत राहिला.

"जीजाजी ने पहले दिन खेल की बात ही नहीं की," तो म्हणाला. "पूछा, पनागर से साइकिल पर आते हो, तो खाते कब हो? दूसरे दिन से दीदी का डब्बा आने लगा। पूरे साल आया।"

हे मला माहीत नव्हतं. ताईने कधी सांगितलं नव्हतं, भाऊजींनीही नाही.