मशीनला बांधलेली पोटली

नव्वद सालानंतरच्या दिवसांतली गोष्ट. मी तेव्हा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात ऑपरेटर होतो, आणि कारखान्यात मला सगळे दारुडा समजत.

मी दारू पीत नव्हतो. पण मला कुठंही झोप लागायची. ड्रमवर बसलो की लागायची, भिंतीला टेकलो की लागायची. एकदा हातात चहाचा ग्लास असताना लागली आणि गरम चहा मांडीवर सांडल्यावर जाग आली. आमच्या खात्यात उत्तरेकडची माणसं पुष्कळ. त्यातला एक जण रोज माझ्या खांद्यावर थाप मारून विचारायचा, "क्या भाई, सुबह सुबह चढ़ा ली?" सुपरवायझरची तऱ्हा वेगळी. तो फक्त जवळ येऊन उभा राहायचा आणि श्वास आत ओढायचा. माझा वास घ्यायचा.

घरीही तेच. बायको समुद्रकाठच्या मुरबे गावची, मच्छीमाराच्या घरातली. दर्यावर जाणारी माणसं, त्यांचं पिणं आणि त्यांची सोंगं, सगळं तिनं लहानपणापासून पाहिलेलं. मी कामावरून आलो की ती पाण्याचा तांब्या द्यायला म्हणून अगदी तोंडाशी यायची. वास नाही आला तरी तिचं समाधान व्हायचं नाही. "तुमी काय खाऊन येता वाटेत? वेलची?" असं एकदा तिनं विचारलं. मी खिसे उलटे करून दाखवले.

खरा प्रकार तिच्याच भावामुळे कळला. तो परदेशी बोटीवर खलाशी होता. सुट्टीवर आला की आमच्याकडं दोन-चार दिवस राहायचा. दुपारी मी झोपलेला असताना तो शेजारी बसून होता. संध्याकाळी बहिणीला म्हणाला, "याचा श्वास मधेच बंद होतो. मी बघत होतो. बंद होतो, मग गुदमरल्यासारखा परत चालू होतो. आमच्या बोटीवर एका अधिकाऱ्याला असंच होतं. तो नाकाला मशीन लावून झोपतो."

मुंबईच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडकतो, मेंदू सारखा जागा होतो, म्हणून दिवसा झोप येते. आजाराला त्यांनी इंग्रजी नाव सांगितलं आणि उपाय म्हणून तेच मशीन. त्या काळी ते मिळणं कठीण. पण मेव्हण्याच्या बोटीवरचा अधिकारी नोकरी सोडून घरी जाणार होता आणि नवं मशीन घेणार होता. त्याचं जुनं मशीन मेव्हण्यानं पुढच्या खेपेला टॉवेलात गुंडाळून आणलं. डॉक्टरांनी ते तपासलं, हवेचा जोर माझ्यासाठी ठरवून दिला, आणि मास्क व नळी नवी घ्यायला लावली.

मशीन घरात आलं तेव्हा त्याला एक गोडसर वास होता. अत्तराचा म्हणावा तर अत्तराचा नाही, तंबाखूचा म्हणावा तर तंबाखूचा नाही. बायकोनं ते दाराजवळच ठेवलं. म्हणाली, "कोण कुठला माणूस. आमी त्याला पाह्यला नाय, ओळखत नाय. त्याचा वारा आता तुमी घेणार?"

"वारा आपल्याच खोलीतला असतो," मी म्हटलं. "मशीन फक्त ढकलतं."

तिला ते पटलं नाही. तिनं रिठ्याचा फेस करून मशीन बाहेरून ओल्या फडक्यानं तीनतीनदा पुसलं, उन्हात ठेवलं, आणि मगच पलंगाजवळ येऊ दिलं.

पहिल्या आठवड्यातच माझं डोकं हलकं झालं. इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा झोपलो होतो. कामावर डोळे उघडे राहू लागले. उत्तरेकडचा तो माणूस म्हणाला, "छोड़ दी क्या? अच्छा किया." मी हो म्हटलं. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

साधारण महिन्याभरानं मला मशीनच्या वाऱ्यात ओवा लागला.

आधी वाटलं, शेजारी कुणाला सर्दी झाली असेल, ओवा भाजत असतील. दुसऱ्या दिवशीही तोच वास, सोबत कापूर. तिसऱ्या दिवशी मी मशीन उचललं. मागच्या बाजूला, जिथून हवा आत जाते त्या जाळीशी, एक पोटली बांधलेली होती. जुन्या लुगड्याच्या कापडाची, चिंचोक्याएवढ्या दोन घट्ट गाठी मारलेली.

बायको पाणी भरायला गेली होती. मी पोटली सोडली. ओवा होता, कापराची वडी होती, आणि त्या दोन्हींच्या मध्ये केसांचा गुंतवळ होता. लालसर, राठ, वळकटी करून ठेवलेला.

मी बोईसरजवळच्या नवापूरचा. आमच्याकडं पोटलीत केस सापडले तर माणूस हसत नाही. माझ्या लहानपणी आळीत एकाच्या उंबऱ्याखाली असा गुंतवळ निघाला होता आणि दोन घरांचं येणंजाणं कायमचं तुटलं होतं. मी कारखान्यात काम करणारा, दाब आणि तापमान वाचणारा माणूस, पण माझा हात मागं आला. मी ते सगळं कागदात गुंडाळून नाल्यात टाकून आलो. बायकोला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि ते खरं की खोटं हे मला कळलं नसतं.

दोन दिवसांनी तिथंच दुसरी पोटली होती.

तीही मी टाकली. तिसरी आली. जेवताना मी तिच्याकडं बघायचो, तर ती माझ्याकडं आधीपासून बघत असायची. मला वाटू लागलं की ही कुणा मंत्रतंत्र करणाऱ्या भगताकडं जाते. माझी दारू सुटावी म्हणून असेल. म्हणजे मी पितो हे तिच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. किंवा दुसरंच काही असेल. मशीनचा वारा थेट माझ्या छातीत जात होता. त्या वाऱ्याच्या तोंडाशी कुणी काय बांधतं हे मला कळायला हवं होतं.

मग पोटल्या बंद झाल्या, आणि एके दिवशी रात्रपाळी करून सकाळी मी झोपलो असताना घशात आग पडून उठलो. डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना. मास्क ओरबाडून काढला. सगळ्या खोलीत निलगिरीचा वास होता. मशीनच्या मागचा हवा गाळणारा स्पंजाचा तुकडा काढून बघितला तर तेलानं ओला.

"हे काय?" मी विचारलं.

"निलगिरी," ती दारात उभी राहून म्हणाली. "चांगली असते छातीला."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत हाय."

पुढच्या तपासणीला मी तिला मुद्दाम सोबत नेलं आणि डॉक्टरांसमोर सगळं सांगितलं. फक्त केसांचं सांगितलं नाही. डॉक्टर चिडले नाहीत, पण स्पष्ट बोलले. मशीनमध्ये, स्पंजावर, मास्कवर काहीही लावायचं नाही. तेलाचा वारा जोरानं फुप्फुसात जातो. वास हवाच असेल तर मशीनपासून लांब, खोलीत कुठंतरी ठेवा, आणि त्रास झाला तर तेही काढा. मग ते बायकोकडं वळले. "यांचं घोरणं थांबलं. तुम्हाला तरी आता झोप लागते ना?"

"लागते की," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

त्याच सुमारास ती वाणगावला जाऊ लागली. तिथं तिची मावशी राहायची. आधी वर्षातून एकदा, सणासुदीला जाणारी ही, आता माझी दिवसपाळी असली की आठवड्यातून एकदा, मग दोनदा. सकाळच्या गाडीनं जायची आणि मी यायच्या आत परत. "मावशीची मिरची काढायला आली," म्हणायची. पण हाताला मिरचीची आग नसायची. एकदा तिला डुलकी लागली असताना मी तिची बोटं डोळ्याला लावून बघितली, काही झालं नाही.

आणि एका संध्याकाळी तिच्या गालावर वळ दिसले. बारीक, आडवेतिडवे, जाळीसारखे. ती दिव्याखाली भाकरी थापत होती. मी बराच वेळ बघत राहिलो. तोंडावर तजेला होता. इतका तजेला आमच्या घरात राहून तिला कधी आलेला मी पाहिला नव्हता.

"गालाला काय झालं?"

तिनं पिठाचा हात गालावर फिरवला. "काय नाय."

त्या रात्री मशीन व्यवस्थित चालू असूनही मी झोपलो नाही.

पुढच्या वेळी ती वाणगावला गेली त्या दिवशी मी कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकली आणि दुपारच्या गाडीनं तिच्या मागं गेलो. स्टेशनापासून मावशीचं घर लांब नव्हतं. वाटेत मी भगताचा विचार केला, दुसऱ्या पुरुषाचा केला. काय बोलायचं ते ठरवत होतो आणि ठरवलेलं विसरत होतो.

मावशी अंगणात गोणपाटावर सुकलेल्या मिरच्या निवडत बसली होती. मला बघून तिनं आधी ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोला. आता कुठं डोळा लागलाय."

"कोणाचा?"

तिनं मानेनं पडवीकडं दाखवलं. पडवीत काथ्याची बाज होती, वर गोधडी नाही, काही नाही. त्या उघड्या बाजेवर माझी बायको कुशीवर झोपली होती. गाल काथ्यावर दाबलेला, तोंड थोडं उघडं. इतकी गाढ की माशी बसली तरी हलत नव्हती.

"बरी नाही का ती?" मी विचारलं.

"बरी हाय. झोपायला येते."

"झोपायला?"

"मग तुमाला काय वाटलं?" मावशीनं विचारलं आणि परत मिरच्यांकडं बघू लागली. मी तिथंच पायरीवर बसलो.

तासाभरानं बायको उठली. मला बघून दचकली नाही. केस बांधले, तोंड धुतलं आणि बाजेच्या कडेला येऊन बसली.

"घरी झोपायला काय झालं?" मी विचारलं.

तिनं गालावरचे वळ चोळले. मग म्हणाली, "तुमच्या त्या मास्कला पुढं बारीक भोकं हायत. माहीत हाय तुमाला?"

"हो. सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो."

"बाहेर म्हणजे कुठं?"

मी हातानं समोर दाखवलं.

"माझ्या तोंडावर," ती म्हणाली. "तुमी माझ्याकडं तोंड करून झोपता. पूर्ण रात्र तो वारा माझ्या तोंडावर येतो. रबराचा वास, तुमच्या कंपनीच्या रंगाचा वास, आणि..."

"आणि?"

"तोंडाचा. मी सुक्या मासळीत वाढले, मला वासाचं काय नाय. पण वास येतो नि जातो. हा वारा थांबतच नाय."

"म्हणून पोटली?"

"मशीन मागून हवा घेतं नि पुढून सोडतं. मागं ओवा लावला तर पुढून ओवा येईल, असं वाटलं. थोडा यायचा पण. पण पोटली दरवेळी गायब व्हायची. मला वाटलं उंदीर नेतो, ओव्यासाठी."

"मी टाकत होतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. "का?"

"त्यात केस होते."

"कसले केस?"

"लाल. गुंतवळ."

मावशी अंगणातून म्हणाली, "वाळा असेल तो. माझ्याकडूनच नेला तिनं." आणि आत जाऊन तिनं मूठभर वाळा आणून माझ्या हातावर ठेवला. लालसर, राठ मुळं. मी नाकाशी धरला तर ओल्या मातीचा वास आला. कापरापुढं तो मला कधी लागलाच नव्हता. बायको हसली नाही. मावशी मात्र पदर तोंडाला लावून आत गेली.

परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी मशीन काढून ठेवलं असतं. मग परत घोरणं, परत कामावर झोपणं. तुमी इतक्या दिवसांनी झोपत होता. मी कुठंपण झोपू शकते."

बोईसर आलं. उतरताना मी म्हटलं, "मला वाटत होतं, तू भगताकडं जातेस." ती म्हणाली, "मला वाटत होतं, तुमच्या कामावरच्या कुणीतरी तुमच्या डोक्यात काहीतरी भरवलंय." बाकीचं मी तिला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, पण तिच्या नजरेवरून तिला अंदाज आला असावा.

त्यानंतर आम्ही सोय केली. तिचं डोकं पायथ्याशी, माझं उशाशी. मशीन खाली जमिनीवर. मास्क मी रोज कोमट पाण्यात साबण घालून धुऊ लागलो, आणि झोपण्याआधी दात घासू लागलो, जे त्या वयापर्यंत मी कधी केलं नव्हतं. तिची पोटली तिच्या बाजूच्या खिळ्याला, मशीनपासून लांब. पावसात ओवा, उन्हाळ्यात मातीच्या वाडग्यात भिजवलेला वाळा, मधल्या दिवसांत चुरडलेला गवती चहा किंवा सुकलेली लिंबाची सालं. सगळं घरातलं नाहीतर परसातलं. कापूर तिनं बंद केला, मला खोकला यायचा. सोनचाफा एकदा आणला होता, पण दोघांनाही डोकं दुखून झोप आली नाही.

वाणगावला ती तरीही जातच राहिली. कमी वेळा, पण जायची. मी विचारलं तर म्हणायची, "तिथं झोप वेगळी लागते."

पुढं पालघरच्या एका ओळखीच्या माणसाला हाच आजार निघाला आणि त्यालाही मशीन लागलं. कुणाकडून तरी ऐकून तो माझ्याकडं विचारायला आला. रबराचा वास सहन होत नाही, म्हणाला, काही घरगुती उपाय सांगा, तुमच्याकडं वाळ्याचं वगैरे काही करतात म्हणे. मी त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. मग विचारलं, "तुमची बायको कुठल्या बाजूला झोपते?"

तो खुर्चीत सरळ झाला. "तुम्हाला कशाला पाहिजे ते?"

बायको आतून चहा घेऊन येत होती. ती म्हणाली, "बायकोला घेऊनच या तुमी पुढच्या वेळेला. मी बोलते त्यांच्याशी." तो बरं म्हणाला, पण चहा अर्धवट ठेवून उठला, आणि पायऱ्या उतरताना त्यानं दोनदा मागं वळून बघितलं.