सासू आधीपासून आहे

निखिलला फोन मी केला. इकडे पूर्व किनाऱ्याला, हर्नडनला, सकाळ झाली होती, तिकडे पश्चिमेला त्याच्या सांता क्लाराला अजून उजाडायचं होतं. "आई गेल्या," एवढंच मला म्हणता आलं. त्याने विचारलं, "तू होतीस ना तिथे?" मी म्हटलं, "होते. हात हातात होता." "थँक गॉड," तो म्हणाला, आणि मग त्याला रडू फुटलं. आमचा घटस्फोट होऊन आता बरीच वर्षं झाली. तरी त्याच्या आईच्या शेवटच्या क्षणी मी तिथे होते, आणि ती बातमी मी त्याला दिली, त्याने मला नाही. हे असं कसं झालं, ते सांगायचं तर आफ्रिकेतल्या एका तंबूपर्यंत मागे जावं लागेल. महिना उलटून गेलाय. आता सांगता येईल असं वाटतंय.

मंगलाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीला मुलींच्या शाळेत पीटी शिकवायच्या. कडक इस्त्रीची साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट, हा वेष निवृत्तीनंतरही सुटला नाही. आवाज असा, की पुढच्या गल्लीतली मुलगीसुद्धा पाठ ताठ करून उभी राहील. सासरे गेल्यावर निखिलने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, त्यांना आमच्याकडे हर्नडनला आणलं. मी नागपूरची, मलाही आवाज कमी नाही. पोहे भिजवायचे की नुसते धुवायचे, टॉवेलच्या घड्या कशा घालायच्या, थर्मोस्टॅटला कुणी हात लावायचा, आमची रोज जुंपायची. निखिल हेडफोन लावून लॅपटॉपमध्ये डोकं घालायचा. आश्चर्य म्हणजे त्या घरात बोलण्याचा आवाज यायचा तो आमच्या दोघींचाच. निखिल आणि माझ्यात भांडणंही होत नव्हती. हळूहळू काहीच होईनासं झालं, आणि एके दिवशी आम्ही दोघांनी ते शांतपणे कबूल केलं.

त्याने सांता क्लाराला नोकरी घेतली. आई अर्थातच त्याच्याबरोबर गेल्या. डलस एअरपोर्टवर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या पर्सचा पिळलेला पट्टा तेवढा सरळ केला आणि सिक्युरिटीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

आता राहिली होती एक ट्रिप. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसासाठी म्हणून आम्ही फार आधी बोट्स्वानात, ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशात, एका अगदी आलिशान सफारी कॅम्पचं बुकिंग करून ठेवलं होतं. ते कॅन्सल होत नव्हतं. निखिल म्हणाला, "तू जा यार. कुणालाही घेऊन जा." मी मैत्रिणींना विचारायच्या बेतात होते, तेवढ्यात सांता क्लाराहून फोन. "मी येते," आई म्हणाल्या. "पासपोर्ट आहे माझा." नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आलं. आमचं पुन्हा जुळवायला येताहेत, दुसरं काय!

माउनच्या विमानतळावर आम्ही मोठ्या विमानातून उतरून छोट्या विमानात बसलो. त्याला सामानाचं वजन अगदी मोजकं चालायचं. आईंची बॅग जास्त भरली. त्यांनी शांतपणे दोन स्वेटर एकावर एक अंगात घातले, चिवड्याच्या पिशव्या खिशांत कोंबल्या आणि "आता बघा" म्हणून बॅग पुन्हा काट्यावर ठेवली. उडाल्यावर खाली सगळीकडे पाणी, गवत आणि बेटं. धावपट्टीवर झेब्रे चरत होते. ते हाकलेपर्यंत पायलटने वर एक गिरकी मारली, तर आईंनी टाळ्या वाजवल्या.

तंबू म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येतो तसा नव्हे. लाकडी चौथऱ्यावर उभं केलेलं कापडाचं घरच ते. पितळी नळ, पुढे मोकळी गच्ची, गच्चीत पाय असलेला आंघोळीचा टब. आणि आत एकच अवाढव्य पलंग. त्यावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवलेले, भोवती पाकळ्यांनी लिहिलेलं 'हॅपी ॲनिव्हर्सरी'. कॅम्पवाल्यांना कळवायचंच राहून गेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईंनी हंसांकडे पाहिलं, एकाची मान धरून घडी उलगडली आणि म्हणाल्या, "टॉवेल चांगले आहेत. पण घडी चुकीची घालतात." मग आम्ही दोघी जे हसत सुटलो... वर्षभरात मी तशी हसले नव्हते.

आमच्या गाइडचं नाव थाटो. मृदू बोलणारा, चाळिशीचा माणूस. जीपमध्ये बसताना त्याने सहज विचारलं, "ही तुमची आई का?" मी अडखळले. काय सांगायचं? मागून आईंचं शाळेतलं इंग्रजी आलं, "शी इज माय डॉटर-इन-लॉ. माय सन इज एक्स. शी इज नॉट एक्स." थाटो क्षणभर गोंधळला, मग त्याने मान डोलावली आणि दोघींच्या मांडीवर गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या. थंडी होती चांगलीच.

पहिल्याच फेरीत झाडावर बिबट्या दिसला. आईंनी "अगं बाई! तो बघ!" अशी आरोळी ठोकली आणि बिबट्या पलीकडच्या बाजूने उतरून निघून गेला. मागच्या सीटवरचं जोडपं हिरमुसलं. आई इतक्या ओशाळल्या, की त्यानंतर काहीही दिसलं की तोंड घट्ट मिटून माझ्या दंडाला चिमटा काढायच्या. माझा दंड काळानिळा झाला, पण प्राणी पुष्कळ दिसले. संध्याकाळी पाण्याकाठी टेबल मांडून थाटोने जिन आणि टॉनिक पुढे केलं. आईंनी एक घोट घेतला, चव पाहिली. "काढ्यासारखं लागतंय. चांगलं असणार," म्हणाल्या आणि ग्लास संपवला. पाणी बघत बघत थाटो सांगत होता, की हा पूर इथल्या पावसाचा नाही. पाऊस पडतो दूर अंगोलात. ते पाणी काही महिन्यांनी इथे पोचतं, ऐन कोरड्या दिवसांत, आणि इथेच पसरून वाळवंटात जिरतं. समुद्राला ही ओकावांगो नदी मिळतच नाही. आईंनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग पलीकडे चरणाऱ्या हरणांकडे बघत म्हणाल्या, "काही अडलेलं दिसत नाही हिचं."

मी मात्र आतून धास्तावलेलीच होते. कधी विषय काढतील? तो निघाला तिसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी. आम्ही तयार होऊन दार उघडलं, तर पायऱ्यांशी हत्ती. गच्चीवर सावली धरून उभ्या असलेल्या झाडाचा पाला तो निवांत ओरबाडून खात होता. वॉकीटॉकीवरून थाटो म्हणाला, आतच थांबा, हालचाल करू नका, तो जाईल त्याचा तो. आम्ही पलंगाच्या कडेला बसलो. आईंनी पर्समधून चिवडा काढला. कुरकुर आवाज होऊ नये म्हणून आम्ही तो एकेक दाणा चघळत होतो. आणि तेव्हा त्या बोलल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"तुला वाटतंय, मी तुला परत न्यायला आलेय."

मी आणखी एक दाणा तोंडात टाकला.

"नाही गं. तुमचं का मोडलं तेही विचारणार नाही. निखिल सुखात आहे, तूही होशील. मी आले ती माझ्यासाठी." बाहेर फांदी कडाडली. त्या थांबल्या, आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "निखिल चांगला आहे. रोज विचारतो, आई, काही हवंय का? मी म्हणते, नको. संपलं बोलणं. तू कधी विचारलं नाहीस. तू भांडायचीस. अनघा, मला भांडायला माणूस पाहिजे."

माझ्या हातातला चिवडा तसाच राहिला.

"हर्नडनला मला एक लहानसं अपार्टमेंट बघून दे. तुझ्या घरात नको. जवळ."

"आई, लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? हा?" त्यांनी हनुवटीने दाराकडे खूण केली. कापडापलीकडून हत्तीच्या पोटातली गुरगुर ऐकू येत होती.

"आणि उद्या मी दुसरं लग्न केलं तर?"

त्यांनी जराही विचार केला नाही. "तर त्याला सांग, सासू आधीपासून आहे."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. घटस्फोटानंतर मी कुणासमोर रडले नव्हते. त्या पाठीवर थोपटत राहिल्या, मुली शर्यत हरून आल्यावर थोपटत असतील तसं. हत्ती गेला तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. थाटो आम्हाला न्यायला आला, तर माझे डोळे सुजलेले. "घाबरलात का?" त्याने विचारलं. "नाही," आई आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "व्हेरी गुड एलिफंट."

दुसऱ्या दिवशी आम्ही लाकडी होडक्यातून गेलो. मागे उभा राहून थाटो वेळूने होडकं रेटत होता. कमळांची पानं होडक्याला घासत होती. आईंनी सगळा वेळ एक हात पाण्यात सोडला होता आणि त्या चक्क गप्प होत्या.

परत आल्यावर मी त्यांना हर्नडनला घर बघून दिलं, ते निखिलच्या आधी मनाला लागलं. "लोकांना वाटेल मी आईला घराबाहेर काढलं," तो फोनवर म्हणाला. आईंनी माझ्या हातून फोन घेतला आणि त्याला सांगितलं, "तू मला काढलं नाहीस, मी हिला निवडलंय. थँक्सगिव्हिंगला ये, पुरणपोळी करते." तो आला, आणि मग दर वर्षी येत राहिला. पुढे मला डॅन भेटला. लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा मी त्याला आईंनी सांगितलेलं वाक्य इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यांना विचारायला मी काय घालून जाऊ?" आईंनी त्याला दारातच खांदे मागे घ्यायला लावले, आणि नंतर माझ्या कानात म्हणाल्या, "पोक आहे, पण माणूस सरळ आहे." लग्नात त्या आणि निखिल पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसले होते.

शेवटच्या वर्षात आईंचं हृदय थकलं. जिने चढवेनात, आवाज मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत होता. जाण्याच्या आदल्या दिवशीही मी सूप अळणी केलं म्हणून बोलणी खाल्ली.

निखिल आल्यावर तो, मी आणि डॅन, आम्ही तिघांनी मिळून आईंचं अपार्टमेंट आवरलं आणि किल्ल्या ऑफिसात दिल्या. पण रविवारी सकाळी त्यांच्याकडे चहाला जायची माझी सवय हातापायांत मुरलेली. परवा बाजाराला म्हणून निघाले आणि गाडी आपोआप त्यांच्याच पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली. जिन्याशी एक मुलगी रिकामी खोकी बाहेर ठेवत होती. लातूरची, नवऱ्याच्या व्हिसावर नुकतीच आलेली, आता आईंच्याच घरात राहणारी. इथे आधी कोण राहायचं ते मी सांगितलं, तशी म्हणाली, "काकू, वर या ना. चहा दिला असता, पण स्टोव्हच पेटत नाही. उजवीकडचा बर्नर बंदच आहे, आणि डावीकडचा नुसता टिकटिक करतो."

तो डावीकडचा बर्नर कधी कुणी नीट दुरुस्त करून दिलाच नव्हता. आईंनी त्याची खोड ओळखून ठेवली होती. पहिला चहा त्या मुद्दाम त्याच्यावर करायच्या, आणि मी तेव्हा चालू असलेला उजवीकडचा लावू लागले की हात बाजूला सारायच्या. मला वर जाणं काही जमलं नाही... अजून नाही. मी तिला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं, की बटण पूर्ण दाब, फिरव, आणि टिकटिक सुरू झाली की केसभर मागे घे. घाई करायची नाही. ती जिना चढून गेली. मी गाडीत येऊन बसले, किल्ली हातातच होती. तेवढ्यात वरची खिडकी सरकली आणि सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल अशी हाक आली,

"काकू, पेटला!"