उणे पंधरातलं लख्ख ऊन

मला एका जागी बसवत नाही, हे ब्लॉगच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. पण या खेपेला कझाकस्तानातल्या अल्माटीला निघाले ते धाकट्या बहिणीमुळे. सोनल करमाडच्या रस्त्यावर चाकांच्या स्कीवर सराव करते आणि बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत भारताकडून उतरते. आमच्या गारखेड्यात बर्फ फक्त रसवंतीवर दिसतो, असं चिडवून चिडवून लोक थकले. आई मात्र चिडवत नव्हती, तिनं सरळ अट घातली होती. मोठ्या स्पर्धेसाठी लागणारे गुण या शर्यतीत मिळाले तर ठीक, "नाय तर शेंद्र्याच्या कंपनीत काकानं जागा बघितलीय. गुमान तिथं लागायचं." आणि लेक कुठं धडपडते ते बघायला तीही आमच्याबरोबर निघाली.

सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली गाठली. स्कीची लांबलचक पिशवी बर्थखाली मावेना. समोरच्या एका प्रवाशानं विचारलं, "नळाचे पाइप आहेत का?" आई म्हणाली, "पाइपच बरे, घरात तरी लागतात." सोनल खिडकीबाहेर बघत राहिली आणि मी उगाच दोनदा चहा आणायला उठले.

दिल्लीहून विमान चारेक तासांत पोचवतं, थोड्या दिवसांसाठी व्हिसाही लागत नाही. शाकाहारी असाल तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्याच. तिथं भट्टीतली गोल रोटी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, चहाही दूध घालून पितात, त्यामुळे आमचं भागलं. हॉटेलपेक्षा भाड्याचा फ्लॅट परवडला. आत हीटर, बाहेर उणे पंधरा आणि वर आपल्या मार्चसारखं लख्ख ऊन.

त्या उन्हानंच घात केला. शर्यतीच्या आदल्या दुपारी सोनल सरावाहून आली ती बूट घामानं आणि बर्फानं ओलेचिंब करून. ती जेवून झोपली. मी बाजारात भटकत होते. आमच्याकडे गाद्यांपासून डाळींपर्यंत सगळ्याला ऊन दाखवतात. आईनं बुटांनाही दाखवलं. बाल्कनीत, जिभा बाहेर ओढून, नीट भिंतीला टेकवून. मग स्वयंपाकात विसरली.

सकाळी ते गोठून लाकडासारखे कडक झाले होते. नाड्या वाकेनात.

"आई, हे बाहेर कुणी ठेवले?"

"मी. लई वास मारत होते गं. ऊन चांगलं कडक होतं की!"

सोनलनं बूट उचलून हीटरजवळ नेले. मीच वैतागून बोलले, नको तेवढं बोलले. बूट हीटरवर धरले तोवर खाली टॅक्सी येऊन उभी राहिली. आईनं स्वेटर वर केला, दोन्ही बूट पोटाशी धरले आणि वरून शाल गुंडाळली. सारा रस्ताभर ती तशीच बसली होती, दात वाजत होते. "दे इकडं, मी धरते," म्हटलं तर म्हणाली, "तू गप बस."

या शर्यतीत एकेकीला ठरावीक अंतरानं सोडतात. तुम्ही हजर नसलात तरी तुमचं घड्याळ सुरू होतं, आणि गुण त्या वेळेवरच ठरतात. सोनलचं नाव पुकारलं तेव्हा ती बाकावर बसून डावा पाय बुटात कोंबत होती आणि आई गुडघ्यावर बसून टाच खाली दाबत होती. सोनल निघाली तेव्हा घड्याळ केव्हाच सुरू झालं होतं.

मला उभं राहवेना. दोरीच्या कडेनं मी पळत सुटले. थायलंडच्या संघातल्या एका बाईंनी थांबवून इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे तरी बर्फ पडतो का?" मी म्हटलं, "आमच्या गावात नाही." त्या हसल्या, "आमच्या देशातच नाही," आणि आम्ही दोघी एकमेकींच्या संघातल्या मुलींसाठी ओरडायला लागलो.

सोनलनं शर्यत पुरी केली. गुण थोडक्यात हुकले, साधारण त्या बाकावर गेला तेवढ्याच वेळानं. मला रडू आलं. खूप रागही आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. बूट काढले तर तिची टाच सोललेली होती. आई त्या टाचेकडे बघत म्हणाली, "माझ्यामुळं झालं न् हे?"

"व्हय," सोनल म्हणाली. "पण तू होतीस म्हणून निघता तरी आलं."

परतीच्या वाटेवर दिल्लीला मी छोले-भटुरे मागवले, ते तसेच राहिले. जाणार असाल तर अल्माटी जरूर बघा, डोंगर सुंदर आहेत. मला ते नीट आठवत नाहीत. मला शालीखालची आई आठवते.

घरी आलो त्याच संध्याकाळी काका आले. सोनल पाय गरम पाण्यात घालून बसली होती. काकांनी चहा घेतला, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग मुद्द्यावर आले.

"मग काय, सोमवारपासून पाठवायची का हिला कंपनीत?"

सोनलनं मान खाली घातली. अट तिला पाठ होती. मी काही बोलणार तोच आई म्हणाली, "नाय भावजी. तिला अजून एकदा जायचंय."

काकांनी कप खाली ठेवला.

"अन् मला बी," आई म्हणाली.